व्याह्यांची बाटली

"बाहेरची बाटली चालेल, बाई. पण उघडायची ती इथं काउंटरवर. टेबलावर भरलेले ग्लासच येतील," वेटर म्हणाला. "आणि कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडायचा आकार, पडेल. आमचीच वाइन घेतलीत तर पडणार नाही."

"कॉर्केज आमचे व्याही देतील. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यांच्या हौसेला आहे, आणि ते ते खुशीनं मोजतात."

सगळ्यांच्या आधी पोचलेली ती स्टुलावर टेकली. झोप काढून उतरेल असला थकवा हा नव्हता. मुलीचे सासरे कुठंही जेवायला निघाले की घरची वाइन काखोटीला मारून निघत. आज दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र जेवणार होती. नको म्हणायची सोय नव्हती. का नको, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार? घरातली गोष्ट व्याह्यांसमोर चव्हाट्यावर आली असती, तर मुलीला सासरी मान वर करता आली नसती. सकाळीच मुलीचा फोन आला होता. "आई, आजचा दिवस निभावून ने. पुन्हा काही मागणार नाही."

तिनं पर्समधून काळ्या द्राक्षांच्या रसाची बाटली काढून वेटरपुढं ठेवली. घरून निघताना नवऱ्याशी एवढंच ठरलं होतं: एका ग्लासात रस, बाकीच्यांत वाइन, आणि कुणाला पत्ता लागायला नको.

"हा रस आमच्या मिस्टरांच्या ग्लासात," ती म्हणाली. "डॉक्टरांनी थेंबसुद्धा बंद केलाय."

"समजलं. मग त्यांच्या वाटणीची वाइन?"

"माझ्या ग्लासात घाला. बाटलीत उरली तर व्याही खोदून खोदून विचारतील. मी घेईन कशीबशी."

वेटरला तिचा कळवळा आला. "शेवटी बाईमाणसालाच निस्तरावं लागतं."

तिनं पुदिन्याची गोळी तोंडात टाकली.

निस्तरणं म्हणजे काय, ते तिला विचारावं. गेली सहा वर्षं त्या घरात पहारा होता. कपाटाला कुलूप, चावी नवऱ्याच्या खिशात, झोपताना ती त्याच्या उशीखाली. रात्री आरडाओरडा, मग रडारड, सकाळी शपथा आणि संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न. शेजारी आधी चौकशी करायचे, हल्ली दार लावून घ्यायचे. दोघंही पार शिणून गेली होती. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

मंडळी आली. व्याह्यांनी बाटली तान्ह्या बाळासारखी वेटरच्या हातात दिली. नवरा तिच्याशेजारी बसला आणि त्यानं नजरेनंच विचारलं. झालं काम, असं तिनंही नजरेनंच सांगितलं. समोर मुलगी हातरुमालाला पीळ घालत होती.

ट्रे आला. सगळे ग्लास दिसायला सारखेच, काळेभोर. वेटरनं एकेक ग्लास बघून बघून ठेवला. पहिल्या घोटालाच नवऱ्याला कळणार, हे तिला माहीत होतं. पण व्याह्यांसमोर तो ब्र काढणार नाही, हेही पक्कं ठाऊक होतं.

व्याही ग्लास उचलून उभे राहिले. "स्वतःची बाटली आणून वर पैसे देतो, म्हणून लोक मला हसतात. अहो, आपण लेक दुसऱ्याच्या घरी धाडतो आणि वर लग्नाचा खर्चही करतो. त्याला कुणी हसतं का?"

"आता पुरे, सगळ्यांचे हात भरून आले," विहीणबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मुलगीही हसली. कितीतरी दिवसांनी.

नवऱ्यानं घोट घेतला आणि "वा, झकास!" म्हणाला. तिला बरं वाटलं. लोकांसमोर सावरून घ्यायची सवय त्याला सहा वर्षांत चांगलीच लागली होती.

मग तिनं दोन्ही हातांनी आपला ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा रिकामा केला.

गोड. नुसता गोड रस.

"तू घरून निघालीस तेव्हाच मी इथं फोन केला होता," नवरा तिच्या कानाशी थकल्या आवाजात पुटपुटला. "त्यांना म्हटलं, बायको काहीही सांगू दे, डॉक्टरांनी बंद केलीय ती तिची."