अर्धा जयघोष

"सगळ्या केंद्रांनी उत्तर द्यावं!" नूरीन पुन्हा माइकमध्ये ओरडली. कराडच्या एकाही पेठेतून चकार शब्द आला नाही.

पुराच्या तालमीसाठी आज फोन आणि इंटरनेट मुद्दाम बंद ठेवलं होतं. मागल्या पुरात दोन्ही आपणहून बंद पडली आणि संगमाकाठची वस्ती छपरांवर अडकून बसली. कुणाला हाक पोचेना. त्यात नूरीनचे अब्बाही होते, जन्मभर कीर्तनाच्या मंडपाला कर्णे लावणारे हुसेनभाई. म्हणून तर तिनं हट्टानं गावभर हे वायरलेसचं जाळं उभं केलं, तार तुटली तरी बोलणारं. ठिकठिकाणी कर्णे, उघडे माइक, शेजारी बसवलेली माणसं. पलीकडून आवाज आला, की भिंतीवरच्या नकाशात तिथला दिवा लागणार.

एकही लागेना.

"भरा पेटीत," तपासणीला आलेले साहेब म्हणाले. "मुकं आहे तुमचं जाळं."

"मुकं कशानं, सायेब?" दारातून शिपाई आण्णा हसले. सुटी झाली की थेट कीर्तनाला जायचं, म्हणून टाळ गळ्यातच होते. "लोकांना वाटतंय घंटागाडी वरडतीया. तिला कोण उत्तर देतंय? सरक गं बाय."

त्यांनी टाळ खणकावले, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून आवाज लावला, "बोला, पुंडलिक वरदेऽऽ"

"हाऽऽरी विठ्ठल!"

कर्णा थरथरला. मंगळवार पेठ, शनिवार पेठ, मंडई, बसस्टँड! दिवाळीसारखे दिवे लागत गेले. मंडईतल्या चंद्राबाईंनी तर तराजूच वाजवला. साहेबांचाही हात वर गेला होता, तो त्यांनी हळूच खिशात घातला. नूरीन टाळ्या पिटत उड्या मारू लागली.

आणि मधेच थबकली. नकाशावर एकच दिवा विझलेला होता. संगमाकाठचा, जिथल्या माइकपाशी अब्बा बसले होते.

"जिथं गरज, तिथंच बोंब," साहेब पुटपुटले.

"अब्बा!" नूरीन माइकवर झेपावली. "ऐकू येतंय का? बोला ना!"

खरखर झाली. मग रुसलेला आवाज आला, "मगापासनं लख्ख ऐकतोय की! पण आण्णांनी 'ज्ञानदेव तुकाराम' अजून म्हटलंच न्हाई. जयघोष पुरा झाल्याबिगर कर्णेवाल्यानं मधीच कसं बोलायचं, बेटी?"