नव्या गाडीचे पेढे

"ही गाडी आज शोरूममध्ये उभी केली ना, तर लोक विचारतील, यंदाचंच मॉडेल का?" बॉनेटवर फडकं फिरवत किशोरराव म्हणाले.

"लोक विचारतील, तिकीट किती?" हर्षाली म्हणाली. "बाबा, ती म्युझियममध्ये शोभेल."

गाडी पांढरी, दोन सीटांची, सत्तावीस वर्षांची. नाक बसकं, बॉनेट लांब, आणि बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर येणारे दिवे. किशोररावांच्या मते आजकालच्या सगळ्या गाड्या पावासारख्या फुगलेल्या, हिची एक रेघही शिळी झालेली नाही. हर्षालीच्या मते ते दिवे म्हणजे गाडीचा जन्मदाखलाच होता.

भांडण नुसतं हौसेचं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हर्षालीची नवी गाडी पुढच्या आठवड्यात गुरुवारी येणार होती आणि अंगणात जागा एकाच गाडीची. चांदवडचे जीवन पाटील त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी जुनी गाडी घ्यायला येणार होते. किशोररावांना दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

शेवटी हर्षालीलाच त्यांची दया आली. "पैज लावू. रविवारी सायखेड्यापर्यंत जाऊन या. तिकडे आपल्या ओळखीचं कुणी नाही. वाटेत तिघांनी आपणहून नव्या गाडीचे पेढे मागितले, तर ती मॉडर्न दिसते हे मला कबूल. पाटलांना नको म्हणून सांगेन आणि माझी गाडी भाड्याच्या जागेत लावेन."

"आणि खरं-खोटं कोण ठरवणार?"

"आई. तिच्याइतका कडक पंच नाशकात मिळायचा नाही."

हे मात्र खरं होतं. मोहिनीबाई त्या गाडीला लग्नापासून 'माझी सवत' म्हणत. गाडीत बसताना कुरकुर, उतरताना कुरकुर.

रविवारी सकाळी हर्षाली उठायच्या आत दोघं निघाले. गाडी गेटबाहेर काढून रस्त्याकडेला वळवल्यावर किशोररावांना चष्म्याची आठवण झाली. ते आत गेले. चष्मा देवघरापाशी सापडला. गणपतीच्या फोटोला आज हार नव्हता, पण ते घाईत होते. बाहेर आले तर मोहिनीबाई डिकीकडून लगबगीने येत होत्या.

"काय करत होतीस?"

"सवतीची धूळ झटकत होते. बसा आता, उन्हं चढतील."

"बोटं लाल कशाने झाली?"

"देवपूजा कोण करतं या घरात?"

 किशोररावांनी स्टार्टर मारला.

द्वारकेच्या सिग्नलला मागून एक रिक्षा येऊन शेजारी थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "काका, एकदम कडक गाडी काढली. पेढे कुठंयत?"

किशोररावांची छाती फुगली. "एक," ते म्हणाले.

"ऐकलं मी," पंच म्हणाले.

चांदोरीला चहासाठी थांबले. किशोरराव दार उघडू लागले तर मोहिनीबाईंनी त्यांचा हात धरला. "या गाडीतून उतरायचं म्हणजे तुमच्या कंबरेला क्रेन लागते. इथेच मागवा." टपरीवाल्या कुसाबाई मागच्या बाजूने दोन ग्लास घेऊन आल्या. गाडीवर नजर फिरवत म्हणाल्या, "लय झ्याक हाय. नवी घेतली आन् पेढं नाय आणलं व्हय?"

"दोन," किशोरराव म्हणाले. चहा त्यांना आज फार गोड लागला.

पुढे मात्र रस्ता सुनासुना होता. सायखेड्याचा पूल आला तरी तिसरा माणूस मिळेना. पुलाच्या टोकाला गाडी वळवायची, असं ठरलं होतं. किशोररावांनी वेग इतका कमी केला की सायकली पुढे जाऊ लागल्या.

"आता पायी चालवता का?" मोहिनीबाई म्हणाल्या. पण पदराचं टोक त्याही बोटाला गुंडाळत होत्या.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोपेडवरून एक म्हातारबाबा हात करत आले. "मी पुंजा. फर्लांगभर तुमच्या मागं हाय. नवी गाडी घ्यायची आन् पेढं न देता गावातून जायचं, ही कुठली रीत?"

किशोररावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी मोठ्या हौसेने विचारलं, "बाबा, एक सांगा, नवी आहे हे तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"आता हे काय इचारनं झालं? मागं तर..."

"बाबांचं दूध नासेल," मोहिनीबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला आणि दोन पेढे पुंजाबाबांच्या हातावर ठेवले. "चला हो. तीन झाले."

"पेढे बरोबर आणले होतेस?"

"हरला असतात तर मी एकटीने खाल्ले असते."

घरी आल्यावर किशोररावांनी नेहमीप्रमाणे गाडीची पाठ भिंतीला लावली आणि तीनही प्रसंग हर्षालीला दोन-दोनदा ऐकवले. ती आईकडे वळली. "आई, खरंच?"

"तिघांनी मागितले. मी काय खोटं बोलू? मला का ती सवत हवीय?"

हर्षालीने हात जोडले आणि पाटलांना फोन लावला. किशोरराव त्या दिवशी तीन पोळ्या जास्त जेवले.

"संध्याकाळी गाडी मी पुसेन," मोहिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही दमलात." सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्या घरात प्रथमच ऐकू आलं होतं.

पण विजयी माणूस घरात बसतो थोडाच. पाच वाजता मोहिनीबाई चहा टाकत होत्या, तेव्हा किशोररावांनी बायकोला आइस्क्रीम खायला न्यायचं ठरवलं. गाडी गेटबाहेर काढली, मोहिनीबाईंना हाक मारायला वळले आणि दिवसभरात पहिल्यांदाच गाडीच्या मागे आले. पांढऱ्या डिकीवर बोटांनी रेखलेलं कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं, आणि नंबरप्लेटला दोऱ्याने घट्ट बांधलेला गणपतीचा झेंडूचा हार.