पहिली चादर

डिझाइन नोंदणी कार्यालयाच्या पत्राला अंबादासांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'अर्जाआधी ही नक्षी कुणाला दाखवली होती का?' एवढंच त्यात विचारलं होतं. दाखवलेल्या नक्षीची नोंदणी होत नसे. आणि त्यांच्या बायकोनं, राजमणीनं तर त्या नक्षीची पहिली चादर लेकीच्या लग्नात, भर मांडवात, हौसेनं जावयाच्या अंगावर घातली होती.

"तुमचं ते ऑफिस झोपलंय की काय वो?" ती नवऱ्याला टोमणा मारायची.

"सरकारी काम हाय. येईल की."

आज पेपरात बातमी होती: नियम बदलणार, नक्षी आधी दाखवली तरी वर्षभरात अर्ज चालणार. अंबादासांनी पेपर घडी करून ठेवला आणि उत्तर लिहून पोस्टात टाकलं.

'होय, दाखवली होती. स्वतःच्याच हातून नोंदणी गेली हे माझ्या बायकोला कळू नये, म्हणून उत्तराला उशीर झाला. ती गेल्या महिन्यात वारली.'