शेवटचा नंबर

"लावा भाऊ," बयनाबाई म्हणाली आणि चंचीतला कागद तिनं उद्धवरावाच्या डोळ्यांपुढे धरला. नुसता धरला. हातात म्हणून द्यायची नाही. आकडे दाबून होईस्तोवर धरायची आणि झाले की घडी घालून पुन्हा मुठीत. इचोड्याच्या बाजाराला आली की त्याच्या एसटीडीच्या दुकानात हे ठरलेलं. बाईला आकडा वाचता येत नव्हता, पण आकड्याची भीती बरोबर कळत होती. बोलणं झाल्यावर मशीनमधून निघणारी, नंबर छापलेली बिलाची चिठ्ठीसुद्धा ती शेजारच्या चहावाल्याच्या भट्टीत टाकायची आणि पार जळेपर्यंत तिथंच उभी राहायची.

उगाच नाही. तिची विमल जातीबाहेरच्या पोराशी लग्न करून निघून गेली होती, आणि धाकटा दीर चंपतराव गावभर सांगत फिरत होता, "दिसू तर दे, जित्ती नाई ठेवत." पोरगी कुठं आहे हे एकट्या आईला ठाऊक होतं.

उद्धवरावाचं बोट आज आकड्यांवर धड पडत नव्हतं. काचेच्या खोलीवर त्यानंच हौसेनं रंगवून घेतलेली पाटी होती, वर मराठीत, खाली तेलुगूत: येथे खाजगी बोलण्याची सोय आहे. तिच्याकडे बघायचं तो टाळत होता.

"भावजी परवापासून घरी नाईत," बयनाबाई हळूच म्हणाली. "जीप करून गेले. संगं तिघं होते. कुठं म्हून इचारलं तर नुसते हासले. पोरीले सांगतो म्हनलं, जरा जपून राय."

उद्धवरावानं शेवटचा आकडा दाबला.

मागच्या बाजाराला ती इथून उठली आणि दोन मिनिटांत चंपतराव आत आला होता. "वहिनी आल्ती का इथं?"

"आपल्याले नाई माहीत जी," उद्धवराव म्हणाला होता. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं नाही हा त्याचा नेम, आणि त्या दिवशीही तो त्यानं पाळला. मग चंपतराव नव्या मशीनकडे बघून म्हणाला, बाकी चीज भारी आणली. झालं! मशीनचं कौतुक केलं की हा गडी पाघळलाच. हैदराबादेहून आणली, अख्ख्या इचोड्यात अशी दुसरी नाही, एक बटण दाबा, शेवटचा नंबर आपोआप लागते, डोकं हाये तिले!

"हॅ, काहीतरीच."

"काहीतरीच काय? पाहा ना!"

आणि दाबलं की त्यानं. लाल आकडे भराभर उमटले. वर न विचारता, सगळे कोड आपल्याला तोंडपाठ आहेत हे दाखवायला, बोलून मोकळा झाला, "हा वर्ध्याचा." आता काय म्हणावं अशा माणसाला! स्पीकरमधून कुणीतरी बोललं, "हॅलो, आटाचक्की." चंपतरावानं अलगद बोट टेकवून फोन तोडला. "खरंच डोकं हाये हो, उद्धवराव," म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हा कुठं उद्धवरावाला उमगलं, शेवटचा नंबर कुणाचा होता ते. त्या दिवसापासून ते दोन शब्द त्याच्या कानातून जात नव्हते. जेवताना, आंघोळ करताना, बायको हाक मारायची तेव्हासुद्धा त्याला आधी तेच ऐकू यायचं. हॅलो, आटाचक्की. परत फोन करून पोरीला सावध करावं असं दहादा मनात आलं. पण आपण कोण म्हणून सांगायचं, या लाजेपायी त्याचं बोट उचललं गेलं नाही.

आता तिकडे घंटी वाजत होती. वाजून वाजून बंद पडली.

"कोनी उचलून नाई राह्यलं, बाई."

"असं कसं? चक्की तर दिवसभर चालू रायते. विमल तिच्या वरच्याच खोलीत हाये. लावा बरं परत."

उद्धवरावानं परत लावला. मान खाली घालून, घाईघाईत. पलीकडे घंटी सुरू झाली.

बयनाबाई कागद धरायला हात पुढं करतच होती. हात तसाच थांबला. तिनं मूठ उघडून पाहिली. कागद घडीतच होता.

"भाऊ, कागद तर माह्यापाशी हाये. मंग लावला कशावरून?"

उद्धवरावाची नजर नकळत मशीनकडे गेली.

"याले ध्यानात रायते?"

"फक्त शेवटचा, बाई," तो कसाबसा म्हणाला. "शेवटचाच फक्त."

ती मशीनकडे पाहत राहिली. "त्या दिशी माह्यामागून इथं कोन आल्तं?"

घंटी वाजून पुन्हा बंद पडली.

बयनाबाईनं कागदाची घडी उलगडली आणि पहिल्यांदाच तो त्याच्या टेबलावर ठेवून दिला, उघडाच. "मले दाखवा," ती म्हणाली, "कोनतं बटन ते."

त्यानं दाखवलं. तिनं ते दाबलं. घंटी थांबली की पुन्हा दाबलं. बाहेर बाजार उठायला लागला तरी ती दाबतच होती.