लाल टाक्यांचं अस्वल

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समोर एक स्टॉल आहे. सहा विदूषकांची लाकडी डोकी आ वासून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे माना फिरवताहेत. तोंडात चेंडू सोडायचा, तो आतून घरंगळत खालच्या एखाद्या खणात पडतो. पाचही चेंडू एकाच खणात पडले, की वर खिळ्याला टांगलेलं निळं अस्वल तुमचं. तुमच्याएवढंच आहे ते. डाव्या कानाला लाल दोऱ्याचे टाके आहेत, जरा वेडेवाकडे. दिसलं? आता स्टॉलच्या मालकाकडे बघा.

त्याचं नाव अवधूत. तरुणपणी शिकायला सिडनीला आला, युनिव्हर्सिटी अर्धवट सोडली आणि जत्रेचे शो करणाऱ्यांबरोबर निघाला. पुढची तीस वर्षं एक ट्रक, एक कॅरॅव्हॅन, आणि दर आठवड्याला नवं गाव.

तीन वर्षांपूर्वी सिडनीतल्या टूनगॅबीजवळच्या मैदानावर शो लागला होता. तिथले कौन्सिलर चंद्रहास, मराठी मंडळाचेही तेच अध्यक्ष. त्यांनी भर गर्दीत माइक हातात घेतला.

"हे अस्वल आजवर कुणाच्याही घरी गेलेलं नाही," ते म्हणाले. "आपल्याच माणसाने आपल्या मुलांना फसवावं, याची मला लाज वाटते."

लोक हसले. फोन वर झाले. तासाभरात स्टॉल बंद करायचा हुकूम आला. अवधूत एकेका विदूषकाचं डोकं पिळून काढत होता, आणि थोड्या वेळापूर्वी खिदळणारी मुलं त्याची हुर्यो उडवत होती. त्या ओढाताणीत अस्वलाचा कान फाटला.

निघताना तो चंद्रहासांजवळ गेला. आवाज अजिबात चढला नव्हता.

"चंद्रहासराव, याच मैदानावर, याच लोकांसमोर, हे अस्वल मी तुमच्या हातून द्यायला लावीन."

"आधी पुढची जत्रा तर शोधा, जत्रावाले," चंद्रहास म्हणाले.

पुढची दोन वर्षं अवधूत पश्चिमेकडे फिरला, पार कालगुर्लीपर्यंत. मग परत आला, टूनगॅबीत घर घेतलं आणि कॅरॅव्हॅन मागच्या अंगणात लावून टाकली. कुणाचा कचऱ्याचा डबा उचलला जात नव्हता, कुणाच्या गल्लीत दिवा नव्हता. अवधूत कौन्सिलला पत्रं लिही. म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून दे. समोरच्याला काय हवंय ते तो बोलायच्या आत ओळखायचं, ही जत्रेतली विद्या इथेही उपयोगी पडली. वर्षभरात लोक त्याचं ऐकू लागले. मग त्याने चंद्रहासांच्या विरोधात उमेदवारी अर्ज भरला.

चंद्रहास घाबरले नाहीत, कारण त्यांच्याकडे तनया होती.

तनया दहा वर्षांची. तिची आई नीरजा नर्स. कालगुर्लीची नोकरी सोडून दोघी सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या गिरावीनला आल्या आणि लगेच मंडळात रुळल्या. नीरजा घरोघरी चंद्रहासांची पत्रकं वाटायची. तनया बरोबर असायची आणि दार उघडलं की सांगायची, कालगुर्लीच्या शोमध्ये त्या माणसाने मला फसवलं.

"आय क्राइड ऑल द वे होम," असं म्हणताना तिचा ओठ थरथरे.

चंद्रहास तिला प्रत्येक सभेत शेजारी बसवत. या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी विसरू नका, हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी त्याच मैदानावर सगळ्या उमेदवारांची सभा होती. अवधूतने तिथे आपले सहा विदूषक आणून उभे केले. चंद्रहास जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी माइक घेतला आणि विचारलं, खेळ खरा असेल तर एका तरी मुलाला जिंकून दाखवू दे.

"जरूर," अवधूत म्हणाला. "मूल तुम्ही निवडा. ते जिंकलं, तर अस्वल तुम्ही स्वतःच्या हाताने द्यायचं. आणि त्या दिवशीचे शब्द परत घ्यायचे."

"कबूल. पण तुम्ही स्टॉलजवळ थांबायचं नाही. त्या झाडाखाली, पाठ करून."

अवधूत निमूट युकॅलिप्टसखाली जाऊन पाठमोरा उभा राहिला.

गर्दीतून कुणीतरी आपल्या मुलाला पुढे ढकललं. चंद्रहासांनी त्याला परत पाठवलं. अवधूतच्या माणसांनी कुणालाही शिकवून ठेवलं असेल, ते काही इतके भोळे नव्हते. त्यांना खात्री फक्त एकीची होती.

तनया आईच्या मागे लपली. "आय डोंट वॉन्ट टू. आय ऑलवेज लूज."

चंद्रहासांना हेच हवं होतं. "जा बेटा. सगळ्यांना दिसू दे."

पहिला चेंडू तिसऱ्या खणात पडला. दुसराही. तनया दर वेळी विदूषकाची मान पूर्ण फिरेपर्यंत थांबत होती. तिसरा आणि चौथाही तिथेच. पाचवा घरंगळला आणि तिसऱ्याच खणात जाऊन बसला.

टाळ्या थांबेनात. चंद्रहासांनी टाचा उंचावून खिळ्यावरून अस्वल काढलं आणि तिच्या हातात दिलं. मग माइकमध्ये काहीतरी पुटपुटले.

"कान्ट हिअर यू, मेट," मागून आवाज आला. फोन पुन्हा वर झाले होते.

"मी चुकलो," चंद्रहास म्हणाले. "अवधूतरावांचा खेळ सच्चा आहे."

झाडाखालच्या माणसाने तरीही मागे वळून पाहिलं नाही. तनयाने अस्वलाला कवटाळून मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, सगळ्यांना नीट दिसेल अशा.

शनिवारी अवधूत निवडून आला. पण मतं किती पडली ते तुम्हाला नकोच असेल. तुम्हाला त्या मुलीची काळजी. तर त्या रविवारी, मैदान रिकामं झाल्यावर, तिने काय केलं ते सांगतो.

ती टूनगॅबीतल्या त्या घराच्या मागच्या अंगणात शिरली आणि कॅरॅव्हॅनमध्ये चढली. नीरजाने तिथे आधीच चहा टाकला होता. तनयाने स्टूल ओढलं, अस्वल नेहमीच्या खिळ्याला टांगलं आणि त्याचा डावा कान चाचपून बघितला.

"आबा, कालगुर्लीत मी घातलेले टाके पुन्हा उसवलेत," ती म्हणाली, आणि सुईत लाल दोरा ओवू लागली.