फिरती खुर्ची

चक्कर का येते, यावर नवऱ्याने उभी हयात संशोधन केलं. अंधाऱ्या खोलीतली फिरती खुर्ची आणि तिच्यात बसलेल्यांचे चक्कर आली की आपोआप हलणारे डोळे, यापलीकडे त्याला काही सुचत नसे. सुरुवातीला बसायला कुणी तयार होईना, म्हणून त्याने बायकोलाच बसवलं. खुर्ची एका लयीत फिरत राहिली की थोड्या वेळाने ती म्हणायची, "थांबली वाटतं." आणि खरोखर थांबवली की खुर्चीचे हात घट्ट धरायची. "अहो, आता उलटी फिरतेय."

"सगळ्यांना असंच वाटतं," तो बाहेरून सांगायचा. "घाबरू नकोस, खुर्ची थांबलीये."

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी तो सवयीने दाढी-आंघोळ उरकून, बूटबीट घालून सोफ्यावर बसला. जरा वेळाने सोफ्याचा हात धरून त्याने हाक मारली, "अगं, घर फिरतंय. माझे डोळे हलतायत का, बघ जरा."

ती मटार सोलता सोलता उठली. बॅटरी आणून तिने दोन्ही डोळे नीट पाहिले. डोळे जागच्या जागी होते.

"घाबरू नका," पुन्हा मटार सोलायला बसत ती म्हणाली. "खुर्ची थांबलीये."