राणी मेल्यावर

मागच्या खोलीत भागीदाराचं प्रेत अजून तसंच पडलं होतं. शटर ओढायच्या लोखंडी आकड्याने कुणीतरी त्याचं डोकं इतक्या वेळा फोडलं होतं, की ओळख पटवायला शर्ट बघावा लागला. रक्त दाराखालून पुढच्या खोलीत, खेळाच्या यंत्रांपर्यंत आलं होतं.

“बाई, पोराला सोडा,” मामा म्हणाले. “एक ते दोन तो या यंत्रावर होता. मी इथे, त्याच्या पाठीमागे उभा. जागचा हललोसुद्धा नाही.”

फौजदार बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खून त्याच तासातला होता आणि दुपारच्या सुट्टीत दुकानात बाकी कुणी नव्हतं.

मामा दुकानाचे अर्धे मालक. हा त्यांचा भाचा. बहीण गेल्यावर मामांनीच त्याला वाढवलं आणि यंत्रं दुरुस्त करायला शिकवलं. बोटं सतत बटणांवर, म्हणून सगळे त्याला टकटक्या म्हणायचे. भागीदार जुनं यंत्र भंगारात काढायला निघाला, तेव्हा काल याच टकटक्याने त्याची गचांडी धरली होती. ‘डोकं फोडीन तुझं’ हे शब्द अख्ख्या गल्लीने ऐकले होते. जिभेला हाड नसतं ते असं.

यंत्र मामांच्या लग्नाआधीचं. त्यात अवकाशात उजवीकडे पुढे पुढे जाणारं एक चिमुकलं जहाज आणि समोरून तुटून पडणारी किड्यांची फौज. मारा, नाहीतर मरा. सातव्या टप्प्याच्या शेवटी किड्यांची राणी. इतक्या वर्षांत तिला कुणी मारलं नव्हतं. मामा तर बटणाला हातही लावत नसत. मालक खेळायला बसला की गिऱ्हाईक उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. आज मात्र पडद्यावर गुणांच्या यादीत सगळ्यात वर टकटक्याचं नाव लुकलुकत होतं.

“राणीपर्यंत जायलाच चाळीस मिनिटं लागतात,” मामा म्हणाले. “मग हा माणूस मारायला जाईल कधी?”

“नाव कालचंही असू शकतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

मामा बाहेर गेले. बाई टकटक्याकडे वळल्या. “मामा मागे होते?”

“माहीत नाही. मान वळवली की मेलोच. आणि कानात नुसता गोळीबार.”

“राणी मेल्यावर जहाज कुठे गेलं?”

“डावीकडे.”

बाईंनी मामांना आत बोलावून तोच प्रश्न विचारला.

“उजवीकडे, आणखी कुठे?” मामा म्हणाले. “राणी फुटली, जहाज उजवीकडे निघून गेलं, खेळ खलास. टाळी वाजवली ना मी!”

हवालदाराला हसू आवरेना. “बाई, शेंबडं पोरही सांगेल. या खेळात जहाज उजवीकडेच जातं.”

“म्हणजे दोघांपैकी एक जण इथे नव्हता,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी टकटक्याकडे मानेने खूण केली. हवालदाराने टकटक्याच्या हातांत बेडी अडकवली.

मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “घाबरलाय तो, बाई. अरे, नीट आठव. उजवीकडे म्हण!”

टकटक्या यंत्राकडे बघत होता. “मला एक डाव खेळू द्या.”

“जिवावर बेतलंय आणि तुला खेळ सुचतोय?” मामा ओरडले. “बाई, नका ऐकू त्याचं. वेड लागलंय पोराला.”

बाईंनी घड्याळ बघितलं. “बेडी राहील. जहाजं तीन. तिन्ही फुटली की गाडीत बसायचं.”

पहिलं जहाज दुसऱ्या टप्प्यातच फुटलं. बेडीची साखळी जहाज वळवायच्या दांड्यात अडकली, तेवढ्यात एका किड्याने जहाजाचे दोन तुकडे केले. हवालदार मिशीतल्या मिशीत हसला.

मग टकटक्याने साखळी मुठीत आवळली आणि कत्तल सुरू झाली. किडे फुटत होते, त्यांचा हिरवा चिकट रस पडदाभर उडत होता. तोफा, बोगदे, अंड्यांनी भरलेल्या भिंती, जे समोर येईल ते तो चिरत, जाळत निघाला. बेडीने त्याचं मनगट सोललं. बटणांवर रक्त लागलं. ते कुणी पुसलं नाही.

सहाव्या टप्प्यात दुसरं जहाज गेलं. मामांनी भिंतीचा आधार घेतला.

“पुरे करा, बाई. बघवत नाही.”

“थांबा,” बाई म्हणाल्या.

राणी पडदाभर पसरलेली होती. टकटक्याने आधी तिच्या नांग्या तोडल्या, मग जबडा. ती जहाजावर आग ओकत होती आणि तो तिच्या पोटाशी चिकटून गोळ्या झाडत होता. हवालदारही आता हसणं विसरून पुढे सरकला होता. राणीचं पोट फाटलं, आतडी उसळली आणि सगळा पडदा पांढरा झाला.

मामांनी सुटकेचा श्वास टाकला. “झालं! मारली! बघा बाई, मी म्हटलं नव्हतं?”

टकटक्याने हात काढले नाहीत. “अजून घरी न्यायचंय,” तो पुटपुटला.

पांढरा रंग ओसरला. मेलेल्या राणीच्या चिंध्यांमध्ये जहाज क्षणभर थांबलं. मग त्याने हळूच तोंड फिरवलं आणि ते डावीकडे, आल्या वाटेने, परत निघालं.

मामा त्या जहाजाकडे आ वासून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच बघावं तसे.

“हवालदार,” पडद्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, “पोराची बेडी काढा आणि मामांना घाला.”